खुराडं रोज ओलं कसं?

ठकीच्या आईने खुराड्याच्या दाराशी गुडघे टेकले, डोकं आत घातलं आणि छातीभर श्वास घेतला. काही कळलं नाही. पुन्हा घेतला. लाकडाचा भुसा, पिसं, भरडलेले दाणे आणि आणखी काहीतरी. आता हे आणखी काहीतरी म्हणजे दुर्गंधी, की कोंबड्यांच्या घरात यायचाच असा वास, ते तिला ठरवता येईना. भोपळी नावाची जाडजूड कोंबडी मान वाकडी करून तिच्याकडे बघत होती. न सांगता आलेल्या घरमालकिणीकडे भाडेकरू बघतात तशी.

“तूच सांग बाई,” ती भोपळीला म्हणाली, “वास येतोय का?”

भोपळीने पाठ फिरवली.

स्वतःच्या नाकावरचा तिचा विश्वास केव्हाच उडाला होता. ठकी झाल्यापासून दुधाच्या उलट्या, लंगोट आणि आंबूस दुपटी हुंगून हुंगून त्या नाकाने हात टेकले होते. म्हणून ती हल्ली दुसऱ्यांच्या नाकांवर दिवस काढायची, पण दुसऱ्यांची नाकं एका सुरात बोलतील तर शपथ. ठकीचा बाबा म्हणायचा, “येतोय वाटतं. नाही, नसेल. तू विचारलंस ना, आता यायला लागला.” सासूबाई म्हणायच्या, “छे! कसला वास? लख्ख आहे सगळं.” त्यांनी सारी नोकरी हॉस्पिटलच्या वॉर्डात आया म्हणून काढली होती, त्यामुळे त्यांच्या नाकाला चाळवायला कोंबड्यांपेक्षा बरंच मोठं काहीतरी लागलं असतं. आणि ठकीला विचारलं तर ती दोन्ही हात पसरून सांगायची, “छान वाश!”

एकच नाक ठाम होतं, आणि ते भिंतीपलीकडे होतं. टेलरमावशीचं.

टेलरमावशीच्या शिवणाच्या खोलीची खिडकी नेमकी खुराड्याच्या डोक्यावर उघडायची. बाई मनाने मऊ. ठकीच्या जन्माच्या वेळी ठकीच्या आईसोबत हॉस्पिटलात धावत गेलेली तीच. पण त्या दिवशी ती भिंतीशी आली आणि तोंडातल्या टाचण्या एकेक काढून तिने हातातल्या उशीला टोचल्या, तेव्हाच ठकीच्या आईने हातातलं काम खाली ठेवलं. मावशी टाचण्या तोंडात ठेवून वाटेल त्या गप्पा मारायची. टाचण्या काढल्या म्हणजे बोलणं गंभीर.

“पोरी, मी बोलणार नव्हते.”

“बोला ना मावशी.”

“काल नवरी मुलगी आली होती ट्रायलला. झगा अंगात घालायच्या आधी नाकाला लावला तिने. आणि माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की जसं काही ते अंडं मीच घातलंय.”

ठकीच्या आईला हसू फुटलं आणि त्याच क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“हसू नकोस गं. मशीन मी हलवू कुठे? एकच तर खोली. खिडकी लावली की मी उकडते, उघडली की डोळे चुरचुरतात. कोंबड्यांशी माझं वैर नाही. पण आता वास तरी जाऊ दे, नाहीतर त्या तरी.”

रात्रीच्या जेवणाला ठकीच्या बाबाने मान खाली घालूनच सांगितलं, “मी अंडेवाल्याशी बोलून ठेवलंय. हा रविवार सोडून पुढच्या रविवारी येईल पिंजरा घेऊन. तोवर वास गेला तर बघू.”

“तो पाळणार आहे का त्यांना?”

“ते नाही विचारलं.”

“विचारलं नाहीस की विचारायचं टाळलंस?”

तो भाजीतलं काहीतरी फार निरखून बघू लागला.

आता कोंबड्या म्हणजे काही फार मोठी इस्टेट नव्हती. टिकली, भोपळी आणि झिपरी, बस्स. पण ठकी जेवत नव्हती, ही त्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट होती, आणि कोंबड्या आल्यापासून ती जेवायला लागली होती. त्याआधी विमान झालं, चांदोमामा झाला, चमच्याची आगगाडी झाली, बाबा टेबलाखालून भू करून झाला. ठकीच्या तोंडाला कुलूप. वजनकाट्यावर तिला ठेवलं की डॉक्टरीणबाई चष्मा वर करायच्या, आणि त्या वर गेलेल्या चष्म्याचं ओझं ठकीची आई घरी येईपर्यंत वाहायची. मग एका दुपारी मागच्या पायरीवर तिने वैतागून भाताचा घास टिकलीपुढे टाकला. टिकलीने तो टपकन उचलला. ठकी बघतच राहिली. ‘माझा होता तो!’ असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पुढचा घास तिने आ वासून मागितला. तेव्हापासून एक घास टिकलीला, एक ठकीला. घरात, दार लावून, तोच भात तोच चमचा घेऊन करून बघितलं, तर कुलूप जसंच्या तसं.

तेव्हा रविवारी पिंजऱ्यात काय जाणार होतं, ते ठकीच्या आईला पक्कं माहीत होतं. बाकी काहीच माहीत नव्हतं.

तिने कंबर कसली. सकाळी उठून कोंबड्यांच्या बसायच्या दांडीखालची घाण खरवडून काढायची, सुताराकडून आणलेला कोरडा भुसा पसरायचा, पाण्याचं भांडं घासायचं. शिवाय एक युक्ती: खुराड्याच्या तिन्ही बाजूंच्या जाळीवर तिने प्लॅस्टिकचा जाड कागद तारेने घट्ट ताणून बसवला. वास आतल्या आत राहावा, मावशीच्या खिडकीपर्यंत जाऊच नये. स्वतःच्या अकलेवर ती त्या दिवशी इतकी खूश झाली, की ठकीला दुपारी निजवता निजवता तिलाही गाढ झोप लागली. तशी रोजच लागायची. झोपेत कुठूनतरी पाण्याचा आवाज यायचा. सासूबाई आंघोळ करत असतील, असं अर्धवट वाटायचं आणि ती कूस बदलायची.

संध्याकाळी दार उघडून बघते तर सकाळी पसरलेला कोरडाठाक भुसा लगदा होऊन पडलेला.

कोंबड्यांनी भांडं उलटवलं असणार. दुसऱ्या दिवशी तिने भांडं तारेने खांबाला बांधलं. संध्याकाळी भांडं भरलेलं, जागच्या जागी, आणि भुसा ओला. मग ती छतावर चढली. छत गळायला आधी आभाळातून काही पडायला हवं, आणि आभाळ तर इस्त्री केल्यासारखं निरभ्र होतं. तरी तिने दोन फटी बुजवल्या. भुसा ओलाच.

“एवढं पाणी कोंबडी...” तिने नवऱ्याला विचारलं, “म्हणजे, एका दिवसात, करू शकते का?”

त्याने प्रश्न फारच मनावर घेतला. “भोपळी करू शकेल,” तो विचार करून म्हणाला.

त्यात आणखी एक भानगड. ओल्या भुशावर सकाळी पांढरे पांढरे गोळे दिसायचे. बुरशी धरली, असं म्हणून ती तेही खरवडायची. खरवडता खरवडता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं. तिला वाटायचं, आपण या तीन पाखरांसाठी रडतोय. स्वतःचंच तिला नवल वाटायचं. इतका जीव कधी जडला? बाहेर आलं, नाक पुसलं, की रडू आपोआप थांबायचं, आणि ती आणखीच बुचकळ्यात पडायची.

ती जितकं जास्त करत होती तितकी मावशीची खिडकी जास्त वेळ बंद राहायला लागली. टिकलीसुद्धा दिवसभर दाराशीच चोच काढून उभी राहायची.

आणि मग घर तापाने पडलं. आधी सासूबाई, मग बाबा, मग ती. ठकी एक दिवस गरम झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या अंगांवरून उड्या मारायला मोकळी. बाहेरच्या खोलीत तीन गाद्या ओळीने पडल्या. ठकीचा बाबा चादर गुंडाळून सकाळ-संध्याकाळ मागे जायचा, दारातूनच दाणे फेकायचा, भांड्यात पाणी ओतायचा आणि कण्हत परत यायचा. खुराड्यात वाकायचं त्राण कुणातच नव्हतं. ठकीची आई डोळे मिटायची आणि तिला खुराड्याच्या जागी दलदल दिसायची, तिच्यात बुडणारी भोपळी, आणि काठावर नाक दाबून उभी असलेली नवरी मुलगी.

मध्ये एकदा वारा सुटला. मागे प्लॅस्टिक फडफड फडफड वाजलं आणि मग एकदम थांबलं. उडालं बहुतेक. उठायला हवं, असं तिने मनात म्हटलं आणि तशीच पडून राहिली.

ठकी मात्र मागच्या दारातून सारखी ये-जा करत होती, ती दोन्ही मुठींतून वाळकी पानं सांडत. मावशीच्या झाडाची पानं भिंतीच्या कोपऱ्यात खराट्याने लोटून ठेवलेली होती, त्या ढिगावर तिचा डोळा होता.

“काय चाललंय गं?”

“गादी.”

“कुणाला?”

“तिकलीला. तिला ताप.”

“बरं,” आई म्हणाली. तापात याहून शहाणं उत्तर तिला सुचलं नाही.

आठवडा असाच गेला. रविवार दोन दिवसांवर येऊन ठेपला तेव्हा कुठे तिघं भिंतीला टेकून बसू लागली. तेवढ्यात टेलरमावशी सूपचं भांडं घेऊन दारात उभी. “आहे का कुणी जिवंत?” तिच्या काखेत नीट घडी घातलेलं प्लॅस्टिक होतं. “हे तुमचं ना? वाऱ्याने माझ्या अंगणात आलं. मशीनवर घालावं म्हटलं, पण विचारलेलं बरं.”

ती बसली. भांड्याचं झाकण काढलं. मग जरा आवाज उतरवून म्हणाली, “पोरी, दिल्यास का गं कोंबड्या? मी रागात बोलले, पण तू खरंच देशील असं मला...”

“नाही दिल्या.”

“नाही?” मावशीने सासूबाईंकडे बघितलं, ठकीच्या बाबाकडे बघितलं. “मग वास कुठे गेला? तीन दिवस खिडकी सताड उघडी आहे माझी. काय केलंत?”

तिघंही एकदमच बोलायला गेली आणि तिघंही थांबली.

“काही नाही,” ठकीची आई म्हणाली. “उलट... कुणी गेलंच नाही तिकडे.”

“तेच ना!” सासूबाई कळवळल्या. “आठवडाभर माझी एक बादली पडली नाही तिथे. मला तर वाटलं, उभ्या गल्लीत घमघमाट सुटला असेल.”

“कसली बादली, आई?”

सासूबाईंनी पदर सावरला. मग गुपित हातून निसटल्यासारख्या थोड्या लाजल्या. “अगं, दुपारी तुम्ही मायलेकी झोपता ना, तेव्हा मी धुऊन काढते. चांगल्या दोन बादल्या. तुझ्या मागे केवढं काम, त्यात या ताईंचं बोलणं मी ऐकलं होतं भिंतीआडून. म्हटलं, हिला कशाला सांगायचं. हळूच करून टाकू.”

पाण्याचा आवाज. ठकीच्या आईला झोपेतला तो आवाज आत्ता, जागेपणी ऐकू आला.

“तू धुतेस?” ठकीचा बाबा ताठ बसला. “मग मी रोज कामावरून आल्यावर चुना टाकतो तो...”

“चुना?” दोघी एका दमात.

“चुन्याची पूड. वास मारतो म्हणे. ऑफिसात कुणीतरी सांगितलं.” तो चादर हनुवटीपर्यंत ओढून घेत म्हणाला. “तू आधीच अंडेवाल्यावरून रागावली होतीस. म्हटलं, गेला वास तर त्याला यायला नको म्हणून सांगता येईल.”

बुरशी! ठकीच्या आईने कपाळाला हात लावला. म्हणजे सकाळी तिने भुसा घालायचा, दुपारी सासूबाईंनी तो भिजवायचा, संध्याकाळी नवऱ्याने त्यावर चुना पेरायचा आणि पुन्हा सकाळी तिने ते सगळं बुरशी म्हणून खरवडायचं. तीन माणसं, एक खुराडं, आणि कुणाचा कुणाला पत्ता नाही. तिला हसावं की ओरडावं ते कळेना. ती दोघांवर डोळे वटारणार तेवढ्यात तिची नजर मावशीच्या मांडीवरच्या प्लॅस्टिककडे गेली, आणि ती चटकन दुसरीकडे बघू लागली. त्या सगळ्यावर घट्ट झाकण लावून ते शिजत ठेवलं होतं कुणी?

“म्हणजे कुणी काही केलं नाही म्हणून वास गेला,” मावशी सावकाश म्हणाली. “हे काही माझ्या टाळक्यात शिरत नाही.”

“माझ्याही नाही,” ठकीचा बाबा हसत म्हणाला.

सासूबाई मात्र हसत नव्हत्या. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. “म्हणजे माझ्या पाण्याने वास यायचा?” त्यांनी हळू विचारलं. “माझा वॉर्ड बघायला दुसऱ्या वॉर्डातल्या बाया यायच्या. माझ्या फरशीवर तोंड दिसायचं.”

“तसं नाही आई. आम्ही सगळ्यांनीच...”

“नाही, सांग ना. पाण्याने घाण होते? पाण्याने?”

ठकीच्या आईला काय सांगावं ते समजेना. खरंच पाण्याने, की चुन्याने, की तिच्या झाकणाने? आणि पाण्यानेच असेल, तर हे या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? बाळंतपणानंतर ती उठू शकत नव्हती तेव्हा याच हातांनी तिला न्हाऊ घातलं होतं, लाज न वाटू देता. रविवार परवावर होता.

मार्ग सासूबाईंनीच काढला. शनिवारी दुपारी त्या तापाच्या अशक्तपणाने काठी टेकत मागे गेल्या. तिथून त्यांचा आवाज आला, वॉर्डातला असावा तसा.

“एक कोपरा माझा. दांडीखालचा. बाकी सगळं ठकीच्या गादीवर राहू दे. आणि तुझा चुना आण रे इकडे. आणि सुनबाई, तुझं ते प्लॅस्टिक या कोपऱ्यावर लाव. उगाच मी एकटीच का?”

म्हणजे त्यांच्या नजरेतून तेही सुटलं नव्हतं.

तिघांनी मिळून तो कोपरा रोजच्यासारखा भुसा, पाणी, चुना, झाकण करून नीट, मन लावून साफ केला. उरलेल्या खुराड्यात वाळकी पानं ठकीच्या गुडघ्याएवढी पडली होती, आणि त्यात कोंबड्या उकरत, पानं खालीवर करत, भाजीबाजारात गर्दी करणाऱ्या बायांसारख्या लगबगीत होत्या.

रविवारी सकाळी मावशीला बोलावलं. काही सांगितलं नाही. “एक फेरी मारा फक्त,” एवढंच. टेलरमावशी तोंडात टाचण्या धरूनच आली आणि जाळीच्या कडेने हुंगत निघाली. दारापाशी मान हलवली. मधोमध थांबून टिकलीला “काय गं?” केलं. दांडीच्या कोपऱ्याशी आली मात्र, आणि तिने हाताचा पंजा पुढे केला, त्यावर टाचण्या भराभर काढल्या आणि रुमाल नाकाला लावला.

“अगं आई गं! इथे काय पुरलंय?”

सासूबाई त्या कोपऱ्याशी गेल्या. वाकल्या. बराच वेळ तशाच राहिल्या. वर आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ठकीची आई धावली, आणि अर्ध्या वाटेतच तिला आपलं रोजचं रडू आठवलं. ते खरं रडू होतं, की याच कोपऱ्याचा प्रताप? आणि आता सासूबाईंच्या डोळ्यांत काय आहे, हे ती कसं ओळखणार?

“झोंबतंय,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले. “इतकंच.”

त्याच वेळी पुढच्या दारी घंटी वाजली. अंडेवाला. दुचाकीच्या मागे रिकामा पिंजरा. ठकीचा बाबा हात चोळत दारात उभा राहिला. “त्याचं असं झालं, म्हणजे, आम्ही जरा...”

मागून काठीचा ठक ठक आवाज आला. “द्यायच्या नाहीत,” सासूबाई म्हणाल्या. “आज नाही आणि उद्या नाही.”

“मग मला बोलावलं कशाला?”

“चुकलं. थांब, रिकाम्या हाताने जाऊ नकोस.” आणि त्यांनी आतून ताजी अंडी आणून त्याच्या हातात ठेवली. अंडेवाल्याने अंड्यांकडे बघितलं, पिंजऱ्याकडे बघितलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि न विचारताच दुचाकीला किक मारली.

मग कोपरा खरवडून झाला, वाळकी पानं आली, प्लॅस्टिक मावशीच्या मशीनवर गेलं. चुना उरला होता, तो ठकीच्या बाबाने भिंतीला लावला आणि अंगणभर पांढरे ठिपके करून ठेवले. आता मावशी झाडाची पानं झाडून स्वतःच भिंतीवरून टोपलीने देते. तिघांपैकी नेमकं चुकलं कुणाचं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची छाती कुणाला झाली नाही, आणि ठकीच्या आईला तर अजिबात नाही.

त्यानंतर एका दुपारी तिला मध्येच जाग आली. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पाण्याचा आवाज नव्हता. बाजूला ठकीही नव्हती. ती धडपडत मागच्या दाराशी आली.

सासूबाईंनी बादली उपडी घातली होती आणि तिच्यावर बसल्या होत्या. मांडीवर ठकी, हातात वाटी. “हा टिकलीचा,” त्या म्हणत होत्या, “आणि हा कुणाचा?” ठकीने आ केला. बसल्या जागेवरून त्यांचं लक्ष मात्र अधूनमधून खुराड्याच्या जमिनीकडे जात होतं, आणि बोटं वाटीच्या काठावर उगाचच गोल गोल फिरत होती, फडका फिरावा तशी.

“आई,” ठकीची आई दारातूनच म्हणाली, “ठकीचे हात फार घाण झालेत. जेवण झालं की धुवाल? मला नीट जमत नाही.”

सासूबाईंनी मान वर केली. तिच्याकडे जरा वेळ बघितलं.

“कोपरापर्यंत धुवावे लागतील,” त्या गंभीरपणे म्हणाल्या. “पायसुद्धा.”

“धुवा ना.”

ती पायरीवर बसली. ऊन होतं, पानं होती, ठकीच्या घामेजल्या केसांना भाताचा वास होता, आणि आणखी काहीतरी. तिने पुन्हा एकदा खोल श्वास घेऊन बघितला. काही कळलं नाही. मग तिने भिंतीपलीकडे नजर टाकली. मावशीची खिडकी उघडी होती.